काइट रेसिंगचा पहिला बोर्ड: कसा पारखावा, कसा जुळवून घ्यावा

काइट रेसिंग म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीवर, बोर्डवर उभं राहून पाण्यावर लावलेली शर्यत. पतंग हवेत स्थिर ठेवता येतो, साध्या ट्विन-टिप (दोन्ही टोकं सारखी असलेल्या) बोर्डवर दोन्ही दिशांना जाऊन निघालात त्याच जागी परत येता येतं, आणि आता शर्यतीच्या बोर्डांकडे नजर वळू लागली आहे, अशांसाठी हे लिहितो आहे. ज्यांनी अजून बार, म्हणजे पतंग चालवायचा दांडा, हातात धरलेला नाही त्यांनी आधी चांगल्या शाळेत जाऊन पतंग सोडून देण्याची यंत्रणा डोळे मिटूनही चालवता येईपर्यंत शिकावी. ते लेख वाचून जमत नाही.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो: पैसे पाण्याखाली घाला. कॅटलॉगमधल्या फोटोत बोर्ड मोठा दिसतो, रंगीत दिसतो. पण आजच्या शर्यतीत तो बोर्ड बहुतेक वेळ हवेतच असतो. वेग, वाऱ्यात वर (म्हणजे वाऱ्याच्या उलट) चढण्याचा कोन, पडण्याची भीती, दमणारे पाय, हे सगळं ठरतं ते खाली पाण्यात असलेल्या पंखांवर आणि त्यांना बोर्डाशी जोडणाऱ्या उभ्या खांबावर, म्हणजे मास्टवर. शिवाय तिथे वेग देणारी प्रत्येक गोष्ट चुकीला मिळणारी माफी कमी करते. त्यामुळे ‘सगळ्यात वेगवान कुठला?’ हा नवख्याने विचारायचा प्रश्नच नाही. आपल्या पायांना आज किती माफी लागते, ते बघा.

पायरी १: कुठली शर्यत, ते आधी ठरवा

‘रेस बोर्ड’ या एका नावाखाली तीन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिला ट्विन-टिप. दोन्ही टोकं सारखी, लांबी साधारण १३५ ते १४० सेंटिमीटर, रुंदी ४० ते ४२. पतंगाची बाजूची ओढ हा बोर्ड स्वतःची कड पाण्यात रोवून सोसतो. फिन, म्हणजे तळाला लावलेली उभी पाती, असतात, पण बोटभर लांबीचे. २०१८ च्या ब्यूनस आयर्स युवा ऑलिंपिकमध्ये काइटची शर्यत याच बोर्डांवर झाली. स्वस्त, दणकट आणि मुलांसाठी उत्तम. मर्यादा एकच, पण मोठी: कडेच्या जोरावर वाऱ्यात फार वर चढता येत नाही.

दुसरा मोठ्या फिनांचा रेस बोर्ड. सुमारे ७० सेंटिमीटर रुंद, आत फोम भरलेला जाडजूड, आणि खाली ४० सेंटिमीटरच्या आसपास लांबीचे तीन-चार फिन. त्याच्या रुंदीमागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. वेग वाढला की फिन बोर्डाची वाऱ्याकडची कड वर ढकलतात. ती दाबून धरायला पायांना लांब तरफ लागते, म्हणून पाय अडकवायच्या पट्ट्या अगदी कडेला आणि बोर्ड दारासारखा रुंद. जॉनी हाइनिकेनसारखे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत तयार झालेले खेळाडू याच बोर्डांवर जगज्जेते झाले. २०१२ च्या मे महिन्यात आंतरराष्ट्रीय शिडनौका महासंघाने रिओ ऑलिंपिकसाठी विंडसर्फिंग काढून काइट घ्यायचं ठरवलं, तेव्हाही डोळ्यांसमोर हेच बोर्ड होते. नोव्हेंबरमध्ये तो निर्णय फिरला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत हे बोर्डच मागे पडले.

कारण तिसरा प्रकार आला: हायड्रोफॉइल. बोर्डाखाली मीटरभर उभा मास्ट, त्याच्या तळाशी एक आडवी दांडी, तिच्या पुढे मोठा पंख आणि मागे छोटा. वेग आला की अख्खा बोर्ड पाण्याबाहेर उचलला जातो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या शिडशर्यती मार्सेयला झाल्या, आणि तिथे काइट पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं ते याच रूपात, फॉर्म्युला काइट या वर्गात. पुरुषांत ऑस्ट्रियाचा व्हॅलेंटिन बॉन्टस आणि महिलांत ब्रिटनची एली ऑल्ड्रिज यांनी सुवर्ण जिंकलं. या वर्गात नोंदणी झालेलं, कारखान्यात तयार झालेलं साहित्यच चालतं. घरच्या गॅरेजात पंख घडवून शर्यतीला उभं राहता येत नाही.

इथे एक गैरसमज वारंवार दिसतो. ‘वेगाचा विक्रम’ आणि ‘शर्यत’ या वेगळ्या गोष्टी आहेत. फ्रान्सच्या अलेक्स केझर्गने २०१७ मध्ये ५०० मीटरवर ५७.९७ नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) विक्रम केला तो अरुंद, लहान फिनांच्या बोर्डवर, सपाट पाण्यात, एकाच दिशेने जात. तो बोर्ड शर्यतीत आणला तर पहिल्या वळणाआधीच मागे पडेल, कारण शर्यतीत वाऱ्याच्या उलट चढायचं असतं.

त्या चढण्याचा हिशेब नीट पाहा. समजा तुमचा वेग २० नॉट आहे आणि दिशा वाऱ्याच्या रेषेपासून ४५ अंशांवर. म्हणजे वाऱ्याच्या डोळ्यात, थेट उलट दिशेला, तुम्ही प्रत्यक्षात १४ नॉटने सरकता. कोन आवळून ३८ अंश केला आणि वेग १७ वर आला, तर हाच आकडा १३.४ होतो. दिसायला तुम्ही जास्त वर चढताय, प्रत्यक्षात हरताय. आणि ट्विन-टिपवर ६० अंशांवर १४ नॉटने गेलात तर हाती लागतात फक्त ७. फॉइलने बाकीचे दोन बोर्ड शर्यतीतून का हुसकावले, ते या एका आकड्यात आलं.

यापुढचं सगळं फॉइलबद्दल आहे. ट्विन-टिप घ्यायचा असेल तर एवढंच लक्षात ठेवा: तळ जितका सपाट, म्हणजे रॉकर (तळाचा बाक) जितका कमी, तितका बोर्ड लवकर घसरायला लागतो आणि वर चढतो. उलट रॉकर जास्त असेल तर लाटांत गुडघे वाचतात.

पायरी २: पुढचा पंख निवडा (इथे घाई नको)

धावत्या एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून तळवा जरा तिरका केला की हात आपोआप वर जातो. कंडक्टर ओरडतो तो भाग वेगळा. पुढचा पंख पाण्यात तेच करतो, फक्त पाणी हवेपेक्षा आठशे पटींहून जड असल्यामुळे वहीच्या दोन पानांएवढा पंख माणसाला उचलतो.

उचल पंखाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते, आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग दुप्पट झाला की उचल चौपट. सगळी गंमत आणि सगळा त्रास याच ओळीत आहे.

७५ किलोचा माणूस धरा. ओला हार्नेस (पतंगाची ओढ घेणारा कमरेचा पट्टा), बोर्ड, फॉइल मिळून ८५ किलो. १३०० चौरस सेंटिमीटरचा शिकाऊ पंख या भाराला साधारण ७ नॉटला उचलायला लागतो. शर्यतीचा पंख ६०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास असतो, त्याला १० ते ११ नॉट लागतात. पतंगाची वरची ओढ यात धरलेली नाही, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे खाली येतील, पण त्यांच्यातलं अंतर तेच राहील. नवख्यासाठी या अंतराचा अर्थ सरळ आहे. छोट्या पंखावर वेग जरा कमी झाला की बोर्ड धपकन पाण्यात बसतो, आणि वळताना वेग कमी होतोच.

मग मोठाच पंख घ्यावा का? सुरुवातीला हो. पण २५ नॉटला त्याच १३०० च्या पंखातून, बोर्ड पाण्यावरून सुटतो त्या वेळेपेक्षा बारा पटींहून जास्त उचल निघू शकते. ती दाबून ठेवायला तुम्ही सगळं वजन पुढच्या पायावर टाकता, मांडी पेटते, आणि तरीही एखाद्या लाटेवर पंख पाण्याबाहेर येऊन तुम्ही तोंडावर आपटता. शिवाय एवढा पृष्ठभाग पाण्यातून ओढण्याचा रोध आहेच. अव्वल खेळाडू वाऱ्याबरोबर उतरताना ३५ नॉटच्या पुढे जातात. तिथे मोठा पंख म्हणजे लोढणं.

दुसरा आकडा बघायचा तो सडपातळपणाचा. पंखाच्या टोकापासून टोकापर्यंतच्या लांबीचा वर्ग करा आणि क्षेत्रफळाने भागा. ७५ सेंटिमीटर लांब, १३०० चौरस सेंटिमीटरचा पंख: ५६२५ भागिले १३००, म्हणजे ४.३. शर्यतीचा ८० सेंटिमीटर लांब, ६०० चौरस सेंटिमीटरचा: १०.७. हा आकडा जितका मोठा तितका पंखाच्या टोकांवरून दाब निसटण्याचा तोटा कमी, आणि वाऱ्यात चढताना मिळणारा कोन चांगला. बदल्यात असा पंख हळू वेगाला कुठलीही सूचना न देता उचल सोडतो, आणि वळताना कडेवर घ्यायला जड जातो. जाड आणि रुंद पंख मात्र आधी कुरकुरतो, मग बसतो. शिकणाऱ्याला ती कुरकुर हवी असते.

माझा सल्ला: पहिला पंख १००० ते १३०० च्या मधला, सडपातळपणा ५ च्या आसपास. वजन ६० किलोच्या आत असेल तर १००० कडे, ८५ च्या वर असेल तर १३०० कडे झुका. मात्र ज्या कंपनीच्या त्याच मास्टवर पुढे ८००-९०० चा पंख बसतो, अशीच जोडी घ्या. दुसऱ्या वर्षी फक्त पंख बदलायचा.

पायरी ३: मास्ट – लांबी आणि ताठपणा

शाळांमध्ये ४५ किंवा ६० सेंटिमीटरच्या मास्टवर सुरुवात करून देतात. कारण उघड आहे, पडायचंच तर कमी उंचीवरून. पण शर्यतीचे मास्ट मीटरभर किंवा त्याहून थोडे लांब का असतात, हे बहुतेक जण ‘उंच लाटांसाठी’ एवढ्यावर सोडून देतात. खरं कारण झुकण्यात आहे.

शर्यतीचे फोटो पाहा. वाऱ्यात चढताना खेळाडू बोर्डासकट वाऱ्याच्या बाजूला कललेला असतो, अंग जवळजवळ पाण्यावर. हा शोबाजीचा भाग नाही. पंख आडवा असताना त्याची उचल सरळ वर जाते. तोच ३० अंश कलला की उचलीचा एक हिस्सा वाऱ्याच्या दिशेने जातो. ८५ किलोचा भार तोलताना हा आडवा हिस्सा सुमारे ४९ किलोचा होतो, आणि पतंग तुम्हाला वाऱ्याबरोबर ओढतो त्याला तो थेट उत्तर देतो. मास्टला एकट्याने ती ओढ सोसावी लागत नाही, आणि बोर्ड बाजूला घसरणं कमी होतं.

आता कललेल्या स्थितीत जागा किती उरते ते मोजू. ७५ सेंटिमीटरचा मास्ट ३० अंश कलला की त्याची उभी उंची ६५ सेंटिमीटर राहते. ८० सेंटिमीटर लांब पंखाचं वरचं टोक २० सेंटिमीटर वर येतं. ५० सेंटिमीटर रुंद बोर्डाची वाऱ्याकडची कड १२ सेंटिमीटरहून थोडी जास्त खाली जाते. उरले ३२ सेंटिमीटर. यातच पाण्याच्या लाटाही बसवायच्या, कडही पाण्याला लागू द्यायची नाही आणि पंखाचं टोकही बाहेर येऊ द्यायचं नाही. १०५ सेंटिमीटरच्या मास्टवर हाच आकडा ५८ येतो. गुडघ्याएवढ्या उसळत्या पाण्यात ३२ आणि ५८ मध्ये किती फरक आहे, ते पहिल्याच चढाईत कळतं.

पंखाचं टोक किंवा मास्टचा वरचा भाग हवेच्या संपर्कात आला की कमी दाबाच्या बाजूने हवा खाली खेचली जाते आणि पंखाला चिकटते. त्या क्षणी पाण्याची पकड सुटते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हा उगाच का पडला. पडणाऱ्याला मात्र एक ‘फस्स’ असा आवाज ऐकू आलेला असतो.

लांब मास्टची किंमत ताठपणात मोजावी लागते. मीटरभर लांब ॲल्युमिनियमचा मास्ट जोर आला की पिळतो: तुम्ही पायाने दाब देता, पंखाला तो क्षणभर उशिरा कळतो, आणि तुम्ही उगाच दुरुस्त्या करत राहता. कार्बनचा मास्ट हा उशीर घालवतो, म्हणूनच तो महाग असतो. ७५ ते ८५ सेंटिमीटरपर्यंत ॲल्युमिनियम चालतं, शिकायला तर उत्तमच, कारण खडकाला लागलं तर पोचा पडतो, भगदाड नाही. ९० च्या पुढे गेलात की कार्बनसाठी पैसे साठवा. बोर्डासाठी नव्हे.

पायरी ४: फ्युजलाज, मागचा पंख आणि मास्टची जागा

मास्टच्या तळाची आडवी दांडी म्हणजे फ्युजलाज. ती लांब असेल तर पुढे-मागे डोलणं कमी, आखूड असेल तर वळणं चपळ. पहिल्या सेटसाठी लांब.

मागचा पंख उचलण्याचं काम फारसं करत नाही. तो सहसा किंचित खाली दाबतो आणि त्यामुळे पुढचा पंख स्थिर राहतो. त्याच्याखाली पातळ चकत्या घालून त्याचा कोन बदलता येतो. खाली दाबणं वाढवलं तर बोर्डाचं नाक वर येतं, पुढच्या पायावर जास्त वजन द्यावं लागतं, हळू वेगाला उडणं सोपं होतं. कमी केलं तर वेग वाढतो आणि स्थिरता घटते. अर्ध्या अंशाचा फरकही पायाला कळतो.

शिकाऊ आणि मधल्या पातळीच्या बोर्डांना तळाशी दोन समांतर खाचा असतात, एकमेकींपासून ९० मिलिमीटरवर. मास्टची पाटी चार बोल्टांनी त्यात पुढे-मागे सरकवता येते. नवख्यासाठी ही मोठी सोय आहे, कारण चूक दुरुस्त करायला एक पाना पुरतो. शर्यतीच्या बोर्डांत बहुतेक करून खोल खाच असते, तिच्यात मास्टचं डोकं पाचरीसारखं घट्ट बसतं. जोड एकदम ताठ होतो, पण जागा सरकवता येत नाही. मग जुळवणी उरते ती मागच्या पंखाच्या चकत्यांची आणि पायपट्ट्यांची.

जुळवणी अशी करा:

१. मास्ट खाचेच्या मधोमध बसवा. दोन्ही बाजूंनी मोजून कायमस्वरूपी पेनने खूण करा.

२. १२ ते १५ नॉटच्या एकसारख्या वाऱ्यात, वारा बाजूने घेत सरळ जा. पतंग एका जागी ठेवा. पतंग हलत असेल तर बोर्डाबद्दल काहीच कळणार नाही.

३. पुढची मांडी भरून येते आणि नाक सतत वर जातं? मास्ट एक सेंटिमीटर मागे. मागचा पाय दमतो आणि वेग पडला की नाक पाण्यात घुसतं? एक सेंटिमीटर पुढे.

४. एका वेळी एकच बदल. मास्टही सरकवला, चकतीही बदलली आणि पट्ट्याही हलवल्या, तर सुधारणा कशाने झाली ते कळत नाही.

पायपट्ट्या पहिले काही महिने लावूच नका, किंवा फक्त पुढच्या लावा. पडताना पाय मोकळा असलेला बरा. शर्यतीला मात्र पट्ट्या हव्यातच. कललेल्या बोर्डवरून पाय निसटला तर पंख कुठे जाईल याचा भरवसा नाही.

पायरी ५: आता बोर्ड

इतकं सगळं झाल्यावर बोर्डाकडे वळतो, आणि लवकरच संपवतो.

शिकताना १४० सेंटिमीटरच्या आसपास लांब, आत फोम असलेला, तुमचं थोडंफार वजन तरंगवणारा बोर्ड घ्या. पाण्यात पडून पुन्हा उभं राहताना लांबी कामाला येते. शर्यतीचे बोर्ड हलके आणि जवळपास ५० सेंटिमीटर रुंद असतात. नाक वर उचललेलं असतं आणि तळाच्या कडा तिरक्या छाटलेल्या असतात. नाक वर यासाठी की वेगात बोर्ड चुकून पाण्याला टेकला तर घुसू नये, उसळून पुन्हा वर यावा. कडा छाटलेल्या यासाठी की वाऱ्याकडे झुकल्यावर कड पाण्यात अडकू नये. वर केलेल्या हिशेबातले १२ सेंटिमीटर आठवा, त्यातले दोन-तीन इथे वाचतात.

वजन कमी असावं, पण मास्टच्या जोडाभोवती बोर्ड ताठच हवा. दुकानात बोर्ड उलटा ठेवा, मास्ट लावा, मास्टचं टोक धरून बाजूला ढकला. जोडाजवळ तळ लवताना दिसला तर तो बोर्ड कितीही हलका असला तरी नको.

पायरी ६: पतंग आणि शरीर

शर्यतीचे पतंग फुगवायच्या नळ्यांचे नसतात. पॅराग्लायडरसारखे, हवा आत शिरून फुगणारे असतात, आणि हलक्या वाऱ्यासाठी २० चौरस मीटरच्या पुढेही जातात. तुम्हाला ते आत्ता नकोत. पाण्यात पडले तर पुन्हा उठवायला अवघड जातात. आहे तोच फुगवायचा पतंग वापरा, आणि ट्विन-टिपसाठी घेत होतात त्याच्यापेक्षा दोन-तीन चौरस मीटर लहान घ्या. फॉइलचा रोध इतका कमी असतो की मोठ्या पतंगाने तुम्ही भरकटता.

जड माणसाला कललेल्या स्थितीत जास्त मोठा पतंग पेलतो, म्हणून ऑलिंपिकच्या तयारीत काही जणांनी मुद्दाम वजन वाढवलं. हे वाचून कुणी मिसळीची दुसरी प्लेट मागवली तर जबाबदारी माझी नाही. त्या वजनात बहुतेक स्नायू असतात.

हेल्मेट आणि मार सोसणारं जॅकेट घाला. कार्बनच्या पंखाची मागची कड सुरीसारखी असते. पूर्ण बाह्यांचा, पूर्ण पायांचा सूट घातला तर ओरखडे वाचतात.

पायरी ७: किनारा निवडा

फॉइलला खोल पाणी लागतं, ही गोष्ट ट्विन-टिपवरून आलेला माणूस हमखास विसरतो. ८५ सेंटिमीटरचा मास्ट, खाली फ्युजलाज आणि पंख, म्हणजे पाणी कुठेही छातीपेक्षा कमी खोल नको. गोव्यात मोरजीला काइटच्या शाळा आहेत आणि कोरड्या महिन्यांत दुपारनंतर वायव्येकडून खारे वारे येतात. पण शापोरा नदीच्या मुखाजवळ वाळूचे पट्टे सरकत राहतात. उधाणाच्या ओहोटीला कालची खोल जागा आज गुडघ्याएवढी असते. भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत पाणी कमी हलतं, नवख्याला ते सोयीचं.

या हलक्या खाऱ्या वाऱ्यांत फॉइलचा खरा फायदा दिसतो. १० नॉटला ट्विन-टिपवाला किनाऱ्यावर बसून वाऱ्याला शिव्या घालत असतो, तेव्हा मोठ्या पंखाचा फॉइलवाला मध्यम पतंगावर फिरत असतो. पावसाळ्यात मात्र वारा कितीही मोहात पाडो, कोकण-गोव्याचा खवळलेला समुद्र शिकाऊ फॉइलची जागा नव्हे.

दोन स्थानिक गोष्टी. मच्छिमारांची रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागलेली असेल तर त्या बाजूला जाऊच नका. फॉइल जाळ्यात अडकला तर तुमचा मास्ट आणि त्यांची जाळी, दोन्ही जातील, आणि चूक तुमचीच असेल. मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. विणीच्या हंगामात कुंपण घातलेल्या भागात पतंग पसरायचा नाही.

पाण्यात जाताना बोर्ड उलटा किंवा आडवा धरून, पंख तुमच्यापासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवून छातीभर पाण्यापर्यंत चालत जा. आधी पतंग उडवून मग फॉइल शोधत फिरू नका.

आणि मधेच वेग कारणाशिवाय पडला, बोर्ड एका बाजूला ओढायला लागला, तर जुळवणी बिघडली असं समजण्याआधी खाली बघा. दहापैकी नऊ वेळा मास्टला प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली असते.

पायरी ८: सांभाळ, आणि जुना घेताना

मिठाचं पाणी, ॲल्युमिनियम, स्टेनलेस बोल्ट आणि कार्बन एकत्र आले की ॲल्युमिनियम गंजतं, आणि बोल्ट आतच जाम होतात. दर खेपेला गोड्या पाण्याने धुवा, सगळे बोल्ट सोडवा, आटे पुसा, बोटींसाठी मिळतं ते ग्रीस लावून परत बसवा. महिनाभर तसाच जोडून ठेवलेला सेट नंतर छिन्नीने सोडवावा लागतो.

पंखाच्या पुढच्या कडेला पडलेला छोटा खवला पाण्याच्या पॉलिश पेपरने, आधी ४०० आणि मग ६०० नंबरने, ओला करून हलक्या हाताने घासा. मागची कड गोल होऊ देऊ नका. वेगात पंख गुणगुणायला लागला, तर बहुतेक वेळा मागच्या कडेमागे पाण्याचे भोवरे ठराविक तालात सुटत असतात. ती कड एका बाजूने किंचित तिरकी घासली की आवाज जातो.

जुना सेट घेत असाल तर मास्ट डोळ्यासमोर आडवा धरून बंदुकीच्या नळीसारखा बघा, वाक लगेच दिसतो. सगळं जोडून पंखाचं टोक हलवा. कुठेही ‘टक’ असा आवाज आला, तर त्या जोडाचे बोल्ट काढून भोकं लांबट झाली आहेत का पाहा. लांबट झाली असतील तर तो भाग बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा. आणि बोर्डाच्या तळाला, खाचांभोवती नखाने चाचपा. केसाएवढा तडा जरी हाताला लागला तरी आत पाणी शिरलेलं असतं. बोर्ड उभा करून हलवा, कान लावा. आत पाणी खळखळत असेल तर घासाघीस करत बसू नका, दुसरा बोर्ड शोधा.